मागच्या ओळीतला आवाज

'द सुप्रीम्स' या गायिकात्रयीची गाणी साठ वर्षांनंतरही जगभर ऐकली जातात. त्या त्रयीचा पाया घालणारी आणि तिला नाव देणारी फ्लॉरेन्स बॅलार्ड मात्र वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी काळाच्या पडद्याआड गेली. तिच्या आयुष्याचा हा मागोवा.

समूहगायनाच्या ध्वनिमुद्रिकेत आवाज अनेक असले तरी श्रोत्याच्या स्मरणात बहुधा एकच राहतो. पुढे उभ्या असलेल्या गायिकेचे नाव घरोघरी पोहोचते. मागे स्वर धरणाऱ्यांची ओळख वेष्टनावरील छायाचित्रापुरती उरते. वस्तुतः शाहिरामागे झील धरणारे नसतील तर पोवाडा उभा राहत नाही, तसेच या गाण्यांचेही आहे. चर्चमधील भक्तिगायनाची आर्तता आणि 'रिदम अँड ब्लूज'चा ठेका यांच्या मिलाफातून अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांनी 'सोल' संगीत घडविले. त्या संगीताच्या बहराच्या काळातील सर्वांत यशस्वी स्त्री-गायकवृंद म्हणजे 'द सुप्रीम्स'. १९६४ ते १९६९ या सहा वर्षांत त्यांची १२ गाणी 'बिलबोर्ड'च्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. त्यांपैकी पहिल्या दहा गाण्यांत फ्लॉरेन्स बॅलार्डचा आवाज आहे. तो कोट्यवधी लोकांनी ऐकला. पण तो कोणाचा, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक होते.

फ्लॉरेन्सचा जन्म ३० जून १९४३ रोजी मिशिगन राज्यातील डेट्रॉईट या शहरात झाला. डेट्रॉईट म्हणजे मोटारींचे शहर. दक्षिणेकडील राज्यांतील दारिद्र्य आणि वंशभेदाचा जाच यांना कंटाळून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तरेकडील औद्योगिक शहरांत येऊन वसली. बॅलार्ड कुटुंब त्यांतलेच एक. वडील जेसी बॅलार्ड 'जनरल मोटर्स'च्या कारखान्यात कामाला होते. घरात तेरा भावंडे. फ्लॉरेन्स त्यांतली आठवी. वडिलांना गाण्याची आवड होती, ते गिटार वाजवीत आणि मुलीला गाणी शिकवीत. तिच्या गळ्यातील ताकद प्रथम त्यांनीच हेरली. केसांच्या तांबूस छटेमुळे शेजारीपाजारी तिला 'ब्लाँडी' म्हणत. चर्चच्या वृंदात आणि शाळेच्या कार्यक्रमांत तिचा आवाज इतरांहून वेगळा उठून दिसू लागला. १९५९मध्ये वडिलांचे निधन झाले. एवढा मोठा संसार आईच्या एकटीच्या खांद्यावर आला. त्या सुमारास हे कुटुंब ब्रूस्टर-डग्लस या सरकारी गृहवसाहतीत राहत होते.

त्याच वसाहतीत पुढच्या इतिहासाची पात्रे एकत्र आली. मिल्टन जेनकिन्स नावाचा एक तरुण व्यवस्थापक 'द प्राइम्स' या पुरुषांच्या गायकवृंदाचे कार्यक्रम लावीत असे. त्या वृंदाला जोड म्हणून मुलींचाही एक वृंद असावा, अशी त्याची कल्पना होती. त्याने फ्लॉरेन्सला विचारले. फ्लॉरेन्सने शाळेच्या कार्यक्रमात ओळख झालेल्या मेरी विल्सनला बोलावले. पुढे डायन रॉस आणि बेटी मॅकग्लोन या दोघी येऊन मिळाल्या आणि 'द प्रायमेट्स' हा चौघींचा वृंद उभा राहिला. हीच डायन पुढे डायना रॉस म्हणून जगाला माहीत झाली. 'प्राइम्स'मधील एडी केंड्रिक्स आणि पॉल विल्यम्स यांनी पुढे 'द टेम्प्टेशन्स'च्या स्थापनेत भाग घेतला. एका वसाहतीच्या आसपास सोल संगीतातील दोन थोर वृंदांची मुळे रुजली, ती अशी. त्या काळात 'प्रायमेट्स'मध्ये मुख्य गायिका अशी एकच कोणी नव्हती. गाणे ज्या आवाजाला शोभेल, त्या आवाजाने ते गावे, असा साधा न्याय होता. या न्यायाने जोरकस गाणी बहुधा फ्लॉरेन्सच्या वाट्याला येत.

१९६०मध्ये एक भीषण घटना घडली. नृत्याच्या एका कार्यक्रमाहून परतताना एका ओळखीच्या तरुणाने चाकूचा धाक दाखवून तिच्यावर बलात्कार केला. त्या वेळी ती जेमतेम सतरा वर्षांची होती. कित्येक आठवडे तिने मैत्रिणींना भेटणेही टाळले. अशा आघातातून सावरण्यासाठी आज ज्या प्रकारची मदत उपलब्ध असते, तिचा तेव्हा मागमूसही नव्हता. झाल्या प्रकाराबद्दल बोलायचे नाही, हीच रीत होती. मेरी विल्सनने १९८६मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात या प्रसंगाविषयी लिहिले. खेळकर, विनोदी फ्लॉरेन्स त्यानंतर माणसांविषयी साशंक झाली, असे तिचे निरीक्षण आहे. पुढील आयुष्यात फ्लॉरेन्सचा जो अबोला आणि संताप सहकाऱ्यांना अनाकलनीय वाटे, त्याची एक मुळी येथवर पोहोचते.

डेट्रॉईटमध्येच बेरी गॉर्डी या तरुण गीतकाराने १९५९च्या जानेवारीत कुटुंबाच्या सामाईक बचतीतून ८०० डॉलरचे कर्ज घेऊन ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय सुरू केला होता. वेस्ट ग्रँड बुलेव्हार या रस्त्यावर एक घर घेऊन त्याने तेथे स्टुडिओ थाटला आणि दारावर 'हिट्सव्हिल यूएसए' अशी पाटी लावली. तीच पुढची मोटाऊन कंपनी. 'प्रायमेट्स'च्या मुली तेथे गेल्या तेव्हा शाळा पूर्ण करून या, असा सल्ला देऊन गॉर्डीने त्यांची बोळवण केली. मुलींनी मात्र हट्ट सोडला नाही. शाळा सुटली की त्या स्टुडिओत जाऊन बसत. कोणाच्या गाण्यात टाळ्या वाजव, कोणामागे स्वर धर, अशी पडेल ती कामे करीत. अखेर १५ जानेवारी १९६१ रोजी त्यांच्याशी करार झाला. मात्र नाव बदलण्याची अट होती. सुचविलेल्या नावांच्या यादीतून फ्लॉरेन्सने 'सुप्रीम्स' हे नाव निवडले. इतर मैत्रिणींना ते फारसे रुचले नव्हते. परंतु तेच कायम झाले. बेटी मॅकग्लोन त्याआधीच वृंदातून बाहेर पडली होती. तिच्या जागी आलेली बार्बरा मार्टिनही १९६२मध्ये गेली. उरल्या तिघी.

पहिली तीन वर्षे अपयशाची होती. एकामागून एक गाणी प्रसिद्ध होत आणि विरून जात. मोटाऊनमधले लोक थट्टेने त्यांना एकही गाणे न गाजलेल्या सुप्रीम्स म्हणत. १९६१मधील 'बटर्ड पॉपकॉर्न' या गाण्यात फ्लॉरेन्स मुख्य गायिका होती. ठसका आणि खट्याळपणा यांचा सुरेख मेळ तिने त्यात घातला आहे. पण ते गाणेही चालले नाही. १९६२मध्ये 'द मार्व्हलेट्स' या वृंदातील एका गायिकेच्या बाळंतपणाच्या काळात फ्लॉरेन्सने तिच्या जागी दौऱ्यात गाऊन वेळ निभावून नेली. तिच्या आवाजाची पट्टी आणि जोर असा होता, की मायक्रोफोनपासून तिला इतरांपेक्षा बरेच मागे उभे करावे लागे, अशी आठवण सांगितली जाते. तोवर गॉर्डीचा निर्णय मात्र पक्का होत आला होता. डायनाचा आवाज पातळ, काहीसा अनुनासिक, पण रेडिओवर क्षणात ओळखू येणारा होता. यापुढे मुख्य गायिका तीच राहील, असे त्याने ठरविले.

'व्हेअर डिड अवर लव्ह गो' हे गाणे एप्रिल १९६४मध्ये ध्वनिमुद्रित झाले. लॅमोंट डोझियर आणि ब्रायन व एडी हॉलंड हे बंधू या त्रिकुटाची ती रचना. 'मार्व्हलेट्स'नी ती नाकारली म्हणून ती सुप्रीम्सकडे आली. तिघींनाही गाणे आवडले नव्हते. मागच्या स्वरांसाठी आधी गुंतागुंतीची रचना योजली होती. शेवटी ती बाजूला ठेवून एकाच साध्या शब्दाची पुनरावृत्ती करायचे ठरले. डायनाला नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावले. आरंभी वाद्ये नाहीत. लाकडी फळ्यांवर आपटलेल्या पायांचा ठेका तेवढा ऐकू येतो. त्या ठेक्यावर डायनाचा आवाज अलगद येतो आणि मागून मेरी व फ्लॉरेन्स त्याला उत्तर देतात. अडीच मिनिटांच्या आसपासचे हे गाणे ऑगस्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. त्या उन्हाळ्यात तिघी अनेक कलावंतांच्या बसमधून देशभर दौऱ्यावर होत्या. निघताना त्यांचे नाव जाहिरातीत शेवटी होते. दौरा संपता संपता ते सर्वांत वर आले.

ही गाणी इतकी वर्षे का टिकली, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यांच्या घडणीत सापडते. मोटाऊनचा स्टुडिओ म्हणजे घरालगतच्या गॅरेजचे रूपांतर होते. कंपनीच्या पदरी असलेला 'फंक ब्रदर्स' हा वादकांचा ताफा रात्रंदिवस तेथे राबे. जेम्स जेमरसनचे बास गिटार ठेक्याला नुसती साथ न देता स्वतःची स्वतंत्र चाल गुंफी. बेनी बेंजामिनचे ड्रम त्याला पक्की चौकट देत. तयार मुद्रण मोठ्या उंची ध्वनिवर्धकांबरोबरच मोटारीतल्या रेडिओएवढ्या लहान ध्वनिवर्धकावरही ऐकून पाहिले जाई, कारण तरुण पिढी गाणी ऐके ती मोटारीत आणि खिशातल्या ट्रान्झिस्टरवर. दर शुक्रवारच्या बैठकीत कोणते गाणे बाजारात जावे याचा निवाडा होई. मोटारीच्या कारखान्यातील जोडणीची शिस्त गॉर्डीने अशी गाण्यात आणली. तो स्वतः काही काळ मोटारींच्या जोडणीवर कामाला होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

तथापि केवळ शिस्तीने गाणी दीर्घायुषी होत नाहीत. सुप्रीम्सच्या बहुतेक गाण्यांत शब्द विरहाचे, फसवणुकीचे किंवा विनवणीचे असतात आणि ठेका मात्र नाचायला लावणारा असतो. दुःख आणि उल्हास यांचा हा एकाच वेळचा प्रवास श्रोत्याला पुन्हा पुन्हा ओढून नेतो. त्यातच एकीने हाक द्यावी आणि इतरांनी ओ द्यावी, ही चर्चमधली जुनी परंपरा त्यांत मुरलेली आहे. १९६६च्या 'यू कान्ट हरी लव्ह'ची प्रेरणाच मुळी एका भक्तिगीताची होती. डायनाचा एकटा आवाज नाजूक आणि असहाय वाटतो. मागच्या दोन आवाजांमुळे त्याला जणू मैत्रिणींचा आधार मिळतो. मेरीचा स्वर मऊ आणि धूसर, फ्लॉरेन्सचा भरीव आणि ठाम. एक तक्रार करते, एक समजूत घालते, एक धीर देते, असे काहीसे नाट्य त्या अडीच-तीन मिनिटांत घडते. फ्लॉरेन्सचा स्वर वगळून ही गाणी कल्पिली, तर त्यांतील धीराचा भाग कमी होतो.

त्यानंतरची तीन वर्षे झंझावाताची होती. 'बेबी लव्ह', 'कम सी अबाउट मी', 'स्टॉप! इन द नेम ऑफ लव्ह' आणि 'बॅक इन माय आर्म्स अगेन' ही गाणी ओळीने पहिल्या क्रमांकावर गेली. 'बेबी लव्ह' ब्रिटनमध्येही अव्वल ठरले. डिसेंबर १९६४मध्ये 'एड सुलिव्हन शो' या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमात तिघी प्रथम झळकल्या. कृष्णवर्णीयांना मतदानाच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरावे लागत असताना तीन कृष्णवर्णीय तरुणी उंची पोशाखात, आत्मविश्वासाने लक्षावधी घरांत अवतरत होत्या. कसे चालावे, कसे बसावे, कसे बोलावे याचे धडे मोटाऊनमधल्या मॅक्झिन पॉवेलबाईंनी त्यांना दिले होते. नृत्याची आखणी चोली अ‍ॅटकिन्सची होती. जुलै १९६५मध्ये न्यूयॉर्कच्या 'कोपाकबाना' या प्रतिष्ठित नाइट क्लबमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. १९६६मध्ये 'द सुप्रीम्स अ गो-गो' हा त्यांचा अल्बम बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'ला मागे टाकून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. केवळ स्त्रियांच्या वृंदाला तेथे हा मान प्रथमच मिळत होता.

यशाच्या या लाटेत फ्लॉरेन्सचा वाटा मात्र आकसत गेला. सॅम कुक या गायकाच्या स्मरणार्थ १९६५मध्ये निघालेल्या अल्बममध्ये 'एन्ट दॅट गुड न्यूज' हे गाणे तिने मुख्य गायिका म्हणून गायिले. ते ऐकताना तिचा मूळ पिंड चर्चमधल्या गायनाचा होता, हे लगेच ध्यानी येते. नाताळच्या अल्बमसाठी तिने गायलेले 'ओ होली नाइट' तिच्या हयातीत प्रसिद्धच झाले नाही. रंगमंचावर 'पीपल' हे गाणे काही काळ तिच्याकडे होते, पुढे तेही गेले. राहिले ते दोन गाण्यांमधले विनोद. तिच्या बांध्यावरून रंगमंचावर ठरवून थट्टा होई, ती हजरजबाबीपणे परतवून प्रेक्षकांना हसवी. हे हसे तिला आतून किती बोचत असावे, याचा अंदाज पुढील घटनांवरून येतो.

व्यवहाराची बाजूही एकतर्फी होती. ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी गॉर्डीची, गाण्यांचे प्रकाशनहक्क सांभाळणारी कंपनी गॉर्डीची आणि कलावंतांचे व्यवस्थापन पाहणारी संस्थाही त्याचीच. तक्रार करायची झाल्यास ती कोणाकडे करायची, हा प्रश्नच होता. सततचे दौरे, अपुरी झोप, बाजूला पडल्याची भावना आणि जुना आघात यांच्या कात्रीत सापडलेली फ्लॉरेन्स दारूच्या आहारी गेली. वजन वाढले, काही कार्यक्रम चुकले, गॉर्डीशी खटके उडू लागले. २९ एप्रिल १९६७ रोजी हॉलिवूड बोलमधील कार्यक्रमात तिच्या जागी सिंडी बर्डसाँग उभी राहिली. फ्लॉरेन्स परतली, पण ती तात्पुरतीच. जूनच्या अखेरीस लास व्हेगासच्या 'फ्लेमिंगो' हॉटेलातील कार्यक्रमापासून वृंदाचे नाव 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' असे झाले. तेथेच जुलैच्या आरंभी तिला वृंदातून दूर करण्यात आले. तिने निवडलेले नाव कायम राहिले. ती राहिली नाही.

ती डेट्रॉईटला परतली तेव्हा शहर धुमसत होते. २३ जुलै १९६७ रोजी तेथे दंगल उसळली. ती शमेपर्यंत ४३ जणांचे प्राण गेले. दंगलीच्या दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, वृंदाच्या नव्या नावाने पहिली ध्वनिमुद्रिका बाजारात आली. 'रिफ्लेक्शन्स' हे त्या गाण्याचे नाव. ते आधीच ध्वनिमुद्रित झालेले असल्याने त्यात मागचा स्वर फ्लॉरेन्सचाच होता. गाणे दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. दूरचित्रवाणीवर लोकांना सिंडी दिसे आणि ध्वनिमुद्रिकेवर फ्लॉरेन्स ऐकू येई. बहुतेकांना हा फरक जाणवलाही नाही. पुढे तर मागच्या आवाजांचे मोल आणखी घसरले. 'लव्ह चाइल्ड' आणि 'समडे वुइल बी टुगेदर' या शेवटच्या दोन अव्वल गाण्यांत मेरी आणि सिंडी या दोघीही गायलेल्या नाहीत. ते काम स्टुडिओतील गायिकांकडून करून घेण्यात आले. वेष्टनावर छायाचित्र मात्र तिघींचे होते.

फेब्रुवारी १९६८मध्ये कंपनीशी झालेल्या तडजोडीत फ्लॉरेन्सला सुमारे १ लाख ३९ हजार ८०० डॉलर मिळाले. मात्र आपण पूर्वी सुप्रीम्समध्ये होतो, असे सांगून स्वतःची जाहिरात करण्यास तिला मनाई होती. ज्या नावाने तिला जग ओळखत होते, तेच नाव तिला उच्चारता येत नव्हते. त्याच महिन्याच्या २९ तारखेला मोटाऊनमध्ये चालक असलेल्या थॉमस चॅपमनशी तिचा विवाह झाला. 'एबीसी रेकॉर्ड्स'ने तिच्याशी करार केला. १९६८मध्ये तिची एकलगायनाची दोन गाणी निघाली. पुरेशा प्रसिद्धीअभावी दोन्ही पडली आणि तयार झालेला अल्बम कपाटात गेला. तो श्रोत्यांपर्यंत पोहोचायला एकविसावे शतक उजाडावे लागले. त्याच वर्षी तिला जुळ्या मुली झाल्या आणि १९७१मध्ये तिसरी मुलगी झाली.

मिळालेला पैसा हातात राहिला नाही. आपल्या वकिलानेच त्याचा अपहार केला, असा तिचा आरोप होता. १९७१मध्ये तिने मोटाऊनवर ८७ लाख डॉलरचा दावा लावला. तो न्यायालयात टिकला नाही. संसारातही बेबनाव आला. कर्ज फेडता न आल्याने घर गेले. तीन लहान मुलींना घेऊन ती नातलगांकडे राहू लागली आणि सरकारी अर्थसाहाय्यावर गुजराण करण्याची वेळ तिच्यावर आली. १९७५मध्ये हे वृत्त वर्तमानपत्रांत झळकले आणि लोक हळहळले. तिच्या आवाजातली गाणी तेव्हाही रेडिओवर लागत होतीच.

या काळात मैत्रीचा धागा मात्र पुरता तुटला नव्हता. डायनाने १९७०च्या आरंभी वृंद सोडला होता; मेरीने तो नव्या गायिकांना घेऊन चालू ठेवला होता. १९७४मध्ये मेरीने फ्लॉरेन्सला कॅलिफोर्नियात बोलावून घेतले आणि एका कार्यक्रमात रंगमंचावर आणले. फ्लॉरेन्सने हाती खंजिरी घेतली, ती वाजवली; पण गायिली नाही. आता गाण्याची उमेद उरली नाही, असे तिने मेरीला सांगितले. मात्र वर्षभरातच ते खोटे ठरले. जून १९७५मध्ये डेट्रॉईटच्या फोर्ड ऑडिटोरियममध्ये जोआन लिटल या कृष्णवर्णीय तरुणीच्या खटल्याच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला. तुरुंगात आपल्यावर बळजबरी करू पाहणाऱ्या रक्षकाला ठार केल्याचा आरोप असलेल्या या तरुणीची बाजू तेव्हा देशभरातील स्त्री-संघटनांनी उचलून धरली होती. पुढे ती निर्दोष सुटली. त्या कार्यक्रमात फ्लॉरेन्स गायिली. प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला. सतराव्या वर्षी जो आघात तिने मुकाट्याने गिळला होता, तो ध्यानात घेतला म्हणजे या कार्यक्रमाची निवड निव्वळ योगायोग वाटत नाही.

त्या वर्षाच्या अखेरीस एका तडजोडीतून काही पैसे मिळाले. तिने डेट्रॉईटमध्ये पुन्हा घर घेतले, पतीशी समेट झाला, गाण्याकडे परतण्याचे बेत सुरू झाले. पण दैवाने साथ दिली नाही. २२ फेब्रुवारी १९७६ रोजी हृदयाच्या धमनीत रक्ताची गुठळी होऊन रुग्णालयात तिचे निधन झाले. न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चमध्ये, अरिथा फ्रँकलिनचे वडील रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन यांच्या उपस्थितीत अंत्यविधी झाले. तिला पाहण्यासाठी रस्त्यावर हजारोंची गर्दी लोटली होती. डायना आणि मेरी दोघीही आल्या होत्या.

तिच्या मृत्यूनंतर तिची कहाणी अधिक दूरवर गेली. १९८१मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या 'ड्रीमगर्ल्स' या संगीतिकेतील एफी या व्यक्तिरेखेत फ्लॉरेन्सची छाया स्पष्ट दिसते. २००६मध्ये त्यावर चित्रपट निघाला. एफीच्या भूमिकेसाठी जेनिफर हडसनला ऑस्कर मिळाले. त्याआधी मिळालेला गोल्डन ग्लोब पुरस्कार तिने फ्लॉरेन्सला अर्पण केला. संगीतिकेतली एफी अखेरीस यशस्वी होते. फ्लॉरेन्सला तेवढा अवधी मिळाला नाही. १९८८मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये सुप्रीम्सचा समावेश झाला तेव्हा डायना आणि मेरी यांच्या बरोबरीने तिचेही नाव कोरले गेले. २०२३मध्ये वृंदाला जीवनगौरव ग्रॅमीने सन्मानित करण्यात आले. मेरी विल्सन त्यापूर्वीच, २०२१मध्ये, निवर्तली होती.

या गाण्यांनी किती पिढ्या आणि किती अभिरुची ओलांडल्या, हे पाहण्यासारखे आहे. फिल कॉलिन्सने १९८२मध्ये 'यू कान्ट हरी लव्ह' नव्याने गायिले. 'यू कीप मी हँगिंग ऑन' १९८६मध्ये किम वाइल्डने गायिले आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा अमेरिकेत पहिले आले. 'व्हेअर डिड अवर लव्ह गो'ची मूळ ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ठेवा म्हणून जतनासाठी निवडली. वेस्ट ग्रँड बुलेव्हारवरील ते घर आज संग्रहालय आहे. ब्रूस्टर-डग्लस वसाहतीच्या इमारती मात्र २०१४पर्यंत जमीनदोस्त झाल्या. नव्या गायकांनी ही गाणी आपापल्या परीने सजविली, त्यांतली काही उत्तमही आहेत. तरी श्रोते मूळ ध्वनिमुद्रिकांकडेच पुन्हा वळतात. चाल आणि शब्द उसने घेता येतात. तीन विशिष्ट माणसांचे तीन आवाज एका विशिष्ट दिवशी एका लहानशा खोलीत जसे जुळले, तसे ते पुन्हा जुळविता येत नाहीत.

फ्लॉरेन्स बॅलार्डच्या आयुष्याकडे केवळ शोकांतिका म्हणून पाहणे म्हणूनच अपुरे ठरते. तिच्यावर अन्याय झाला, तिच्या हातूनही चुका झाल्या आणि दोन्हींची किंमत तिलाच मोजावी लागली. पण तिने जे घडविले ते शिल्लक आहे. 'बॅक इन माय आर्म्स अगेन'मध्ये डायना आपल्या दोन्ही मैत्रिणींचा नावाने उल्लेख करते. पहिल्या क्रमांकावर गेलेल्या गाण्यात फ्लॉरेन्सचे नाव स्पष्टपणे उच्चारले गेले, ते तेथे. इतर नऊ गाण्यांत तिचे नाव नाही, केवळ स्वर आहे. मुख्य गायिकेवरून लक्ष क्षणभर काढून मागच्या ओळीकडे नेले, तर तो भरीव, ठाम स्वर आजही स्वच्छ ऐकू येतो.